खाते बँकेत, संमती खातेदाराची

युरोपीय संघाने पेमेंट सेवांसाठी २००७ साली पहिला समान कायदा केला आणि २०१५ साली त्याच्या जागी दुसरा आणला; ‘पीएसडी-टू’ या लघुनावाने ओळखला जाणारा हा निर्देश सदस्य देशांना १३ जानेवारी २०१८ पर्यंत आपापल्या कायद्यांत उतरवायचा होता. त्यातली परिभाषा रुक्ष आहे खरी. परंतु पैसा बँकेकडे असला तरी खात्यापर्यंत कोणाला पोहोचू द्यायचे हे बँकेने नव्हे, तर खातेदाराने ठरवायचे, हे सूत्र ध्यानात ठेवले की बहुतेक संज्ञा उलगडतात.

बँकेखेरीज या व्यवहारात येणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना ‘तृतीय पक्ष’ म्हणतात. त्यांपैकी ‘खाते माहिती सेवा’ देणारी कंपनी ग्राहकाच्या निरनिराळ्या बँकांतील शिलका आणि व्यवहार एकत्र दाखवते. ती पैशाला हात लावत नसल्याने तिला किमान भांडवलाची अट नाही, नोंदणी आणि दायित्वाचा विमा किंवा तशीच हमी पुरते. ‘पेमेंट प्रारंभ सेवा’ मात्र ग्राहकाच्या वतीने त्याच्या बँकेला रक्कम पाठवण्याचा आदेश देते, त्यामुळे ऑनलाइन खरेदीचे पैसे कार्डावाचून थेट खात्यातून चुकते होतात. तिला परवाना आणि किमान ५०,००० युरोचे भांडवल लागते, तरीही ग्राहकाची रक्कम ती क्षणभरही स्वतःजवळ ठेवू शकत नाही. या कंपन्यांनी आपल्याशी आधी करार करावा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. पूर्वी अशा सेवा ग्राहकाचा पासवर्ड घेऊन त्याच्याच नावाने बँकेच्या संकेतस्थळावर शिरत. आता त्यांना बँकेपुढे स्वतःची ओळख द्यावी लागते, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी ‘एपीआय’, म्हणजे संगणकप्रणालींनी परस्परांशी बोलण्याचे ठरावीक द्वार, उभारले आहे. ‘ओपन बँकिंग’ हे या व्यवस्थेचे बोलीतले नाव. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१७ साली नऊ मोठ्या बँकांना समान एपीआय उभारण्याचा आदेश दिल्यानंतर ते अधिक रूढ झाले.

१४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या ‘सशक्त ग्राहक प्रमाणीकरणा’त ग्राहकाला ठाऊक असलेले, त्याच्याजवळ असलेले आणि त्याच्या शरीराचे, अशा तीन प्रकारच्या खुणांपैकी दोन वेगवेगळ्या प्रकारांच्या खुणा लागतात, पासवर्ड आणि पिन मिळून ही अट पुरी होत नाही, कारण दोन्ही स्मरणातल्याच गोष्टी आहेत. शिवाय ऑनलाइन व्यवहाराचा सांकेतिक अंक त्याच रकमेशी आणि त्याच प्राप्तकर्त्याशी जोडलेला असावा लागतो.

सर्वांत फसवा शब्द ‘अधिकृत’ हा आहे. चोरलेल्या कार्डाने झालेला खर्च अनधिकृत ठरतो आणि त्यात ग्राहकाचे नुकसान, त्याची लबाडी किंवा घोर निष्काळजी नसेल तर, सहसा ५० युरोपलीकडे जात नाही. मात्र भामट्याच्या भूलथापांना बळी पडून ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, तर त्याने संमती दिल्यामुळे तेच पेमेंट अधिकृत मानले जाते आणि परताव्याचा हा नियम त्याच्या कामी येत नाही. युरोपीय आयोगाने जून २०२३ मध्ये मांडलेल्या नव्या प्रस्तावांत बँकेच्या नावाने तोतयेगिरी करून झालेल्या फसवणुकीला परतावा देण्याची तरतूद सुचवली गेली, ती याच पेचातून.