उत्तराच्या पुढचा प्रश्न

‘शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कधी झाला?’ वर्गात हा प्रश्न आला की पटापट हात वर होतात. १६७४, रायगड. शाबास, बस खाली, पुढचा प्रश्न! आता तोच प्रश्न जरा वेगळा विचारून पाहा. ‘गड होते, फौज होती, मुलूख ताब्यात होता, मग महाराजांना राज्याभिषेक करून घेण्याची गरज का वाटली असेल?’ हात खाली येतात, वर्ग गप्प होतो. मला ही शांतता मोलाची वाटते. मुलं विचाराला लागलेली असतात.

तारीख पाठ करू नये, असं माझं म्हणणं नाही. तारखेवाचून दुसऱ्या प्रश्नाला हातही घालता येणार नाही. शिकागो विद्यापीठातले बेंजामिन ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन. शिक्षक होणाऱ्यांना त्या पाठ कराव्या लागतात. गंमत अशी, की पाठ असणं ही त्यातली पहिलीच पायरी!

माणूस त्या पायरीवरच थांबला तर काय होतं, ते मी बँकेच्या नोकरीत पाहिलं. मुदत ठेव मोडायला माणसं येत. कुठल्याशा योजनेत तीन वर्षांत दामदुप्पट मिळणार असे. चांगली शिकलेली माणसं, चक्रवाढ व्याजाचं सूत्र शाळेत घोटलेली. आकडेमोड बिनचूक करून आणत. पण वर्षाला २६ टक्के हा मनुष्य कमावणार कुठून, हा प्रश्न त्यांना पडलेला नसे. मी विचारला, तर ‘साहेबांना ठेव सोडवत नाही’ असा चेहरा करत. पुढे योजना बुडे आणि निवृत्तीची पुंजी जाई. ही माणसं गणितात कच्ची नव्हती. दिलेला प्रश्न सोडवायची सवय त्यांना शाळेनं लावली होती. न दिलेला विचारायची लावली नव्हती.

ही सवय लावायला वेगळा तास नको. ‘कोयना धरण कोणत्या जिल्ह्यात आहे?’ हे विचारून झालं की पुढे विचारावं, ‘त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला दुष्काळ का?’ मुलं सह्याद्री, वारे, पर्जन्यछाया जोडू लागतात. मग तिसरा प्रश्न : ‘पाणी कमी असेल तर आधी कोणाला द्यावं, आणि का?’ इथे पुस्तक मदतीला येत नाही.

मात्र विचारल्यावर थांबायला हवं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, मागच्या बाकांवरची मुलं बोलू लागली, आणि मुलंच प्रश्न विचारू लागली.

‘साठ मुलांचा वर्ग, पोर्शन संपवायचा, परीक्षेत येणार व्याख्याच,’ असं शिक्षक म्हणतील. तक्रार खरी आहे. म्हणून परीक्षाही बदलावी लागते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलं प्रयोग करून शिकत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. पुस्तक समोर असल्यावर व्याख्या विचारून काय उपयोग? प्रश्न विचार करायला लावणाराच काढावा लागे. २००२ साली सरकारनं हा कार्यक्रम बंद केला, पण तोवर तीस वर्षं तो साध्या सरकारी शाळांत चालला होता.

शाळेची वाट कशाला पाहायची? आज रविवार आहे, सगळे एकत्र जेवायला बसाल. मुलांना विचारा, ‘कांदा महाग झाला की शेतकरी श्रीमंत होतो का?’ आणि आपल्याला उत्तर येत असलं, तरी जरा थांबा.