काकणाच्या घरट्याखाली

खाडीकाठच्या एका वाडीत ओळखीच्या एक आजी राहतात. त्यांच्या परसात सुरूचे उंच झाड आहे आणि शेंड्यापाशी काटक्यांचे थोरले घरटे. घरटे काकणाचे. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. पंख पसरले तर दोन मीटरच्या आसपास भरतो. आजींची तक्रार एवढीच, की कौलांवर हाडे पडतात आणि वास येतो. मी एकदा झाडाखाली वाकून पाहिले, तर माशांच्या काट्यांपेक्षा सापांचे मणकेच जास्त! मासेखाऊ पक्ष्याच्या दारात एवढे साप कुठले?

मंडळी, याचे उत्तर काकणाच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा कैकर पाण्यात धाडकन उडी घेतो, अंगासकट भिजतो आणि मासा घेऊन वर येतो. काकण सहसा तसे करत नाही. तो उंच फांदीवरून पाणी न्याहाळतो, मग तिरका खाली उतरतो आणि पाय तेवढे पाण्यात घालून शिकार उचलतो. तळवे खरखरीत, त्यामुळे बुळबुळीत मासाही निसटत नाही. उतरताना पुष्कळदा तो सूर्याकडे तोंड करून येतो. सावली मागे राहते आणि माशाला चाहूल लागत नाही.

म्हणजे समुद्र कितीही मोठा असो, काकणाच्या वाट्याला त्याचा वरचा थरच येतो. तिथे खाडीच्या तोंडाशी झुंडीने फिरणारी बोय मिळते, पाण्याच्या वरच्या अंगाने पोहणारा टोळ मिळतो आणि समुद्री साप मिळतो. सापाला कल्ले नसतात, फुप्फुस असते. बराच वेळ पाण्याखाली राहिला तरी श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. काकण तेवढ्यात त्याला गाठतो. सापाचे विष जहाल खरे, पण ते चाव्यातून रक्तात गेले तर. पोटात ते पचून जाते. ओडिशाकडे या पक्ष्याला ‘साँपमार’ म्हणतात, असे टी. सी. जर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले आहे.

शिवाय माणसांचा आधार असतोच. रापण ओढली की नको असलेले मासे आणि अडकलेले साप दालदी, खारवी, गाबीत टाकून देतात. काकण ते उचलतो. एखादी घार मासा नेत असेल, तर तिचा पाठलाग करून तो टाकायलाही लावतो. याला दरोडा म्हणा हवे तर, पिलांना त्याचे काय!

पावसाळा सरून पाणी निवळले, की ऑक्टोबरपासून घरट्याची डागडुजी सुरू होते. तेच घरटे वर्षानुवर्षे चालते. अंडी बहुधा दोन, उबवायला सुमारे ४० दिवस. त्यानंतर पिल्लू उडेपर्यंत आणखी ७०-८० दिवस. सुरुवातीला मादी पिलांपाशी बसते आणि बहुतेक शिकार नर आणतो. मादी बारीक तुकडे करून भरवते. दिवसभराच्या या ये-जा करण्यात दूरचे पाणी परवडत नाही. उंच झाड आणि उथळ पाणी, दोन्ही जवळजवळ लागतात. किनाऱ्यालगतचे जुने झाड रस्त्यासाठी किंवा बंगल्यासाठी गेले, की समोर मासा असूनही घरटे उठते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काकण आहे. पण झाड ज्याच्या परसात आहे, त्याला हे सांगायला सहसा कोणी जात नाही.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या मंडळींनी कोकणातली ही घरटी फिरून शोधली. त्याच फिरतीत २००२मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली आणि कासवांचे काम तिथून सुरू झाले.

झाडाखालच्या हाडांवरून हिशेब मांडताना मात्र जपावे लागते. सापाचे मणके टणक, पडून राहतात. लहान माशाचे काटे मुंग्या, कावळे नेतात आणि पुष्कळसे तर पिलांच्याच पोटात जातात. त्यामुळे हाडे मोजली की साप आहे त्याहून जास्त दिसतो. मीही त्या दिवशी तसाच फसलो.

आजींना हाडे मोजावी लागत नाहीत. ओसरीवर तांदूळ निवडता निवडता त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “सकाळपासून तिसऱ्यांदा आणलान. बोयच आहे.”