'क्रोनॉलॉजिकल' म्हणजे नेमकं काय? बायोडेटापासून बाळाच्या फाइलपर्यंत, जाणून घ्या या शब्दाचा अर्थ

नोकरीच्या जाहिरातीत 'अनुभव रिव्हर्स क्रोनॉलॉजिकल ऑर्डरमध्ये लिहा' अशी सूचना असते आणि अनेक उमेदवार सुरुवात करतात दहावीच्या टक्क्यांपासून! कंपनीला हवं असतं नेमकं उलटं. सध्याची नोकरी सर्वांत वर, दहावी तळाशी.

'क्रोनॉलॉजिकल' म्हणजे काळाच्या क्रमाने. जे आधी घडलं ते आधी. मराठीत 'कालक्रमानुसार' हा नेटका शब्द आहे. मूळ ग्रीक 'क्रोनोस', म्हणजे काळ. 'क्रॉनिक' हा शब्दही त्याच कुळातला. त्यामुळे क्रॉनिक आजार म्हणजे दीर्घकाळ चालणारा आजार. तो गंभीरच असेल असं नाही. रिपोर्टवर हा शब्द पाहून लगेच धास्ती घ्यायचं कारण नाही.

कॉम्प्युटरला मात्र हा क्रम आपोआप कळत नाही. फाइलच्या नावात '०१-१२-२०२३' आणि '१५-०८-२०२२' अशा तारखा असतील, तर नावानुसार लावताना २०२३ची फाइल आधी येते. कारण तो डावीकडून एकेक अक्षर तपासत जातो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की प्रश्न मिटतो. तारखांसाठीच्या 'आयएसओ ८६०१' या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे.

इथवर चूक झाली तर फार तर फाइल सापडणार नाही. दवाखान्यात याच शब्दाचा अर्थ नीट कळणं जास्त गरजेचं ठरतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या फाइलवर दोन वयं असू शकतात. 'क्रोनॉलॉजिकल एज' म्हणजे जन्मतारखेपासूनचं वय. 'करेक्टेड एज' म्हणजे बाळ जितके आठवडे आधी जन्मलं, तितके त्यातून वजा करून येणारं वय. ४० आठवड्यांऐवजी ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की त्याचं करेक्टेड वय साधारण चार महिने असतं.

पालथं पडणं, बसणं, रांगणं हे सगळं साधारण दोन वर्षांपर्यंत करेक्टेड वयानुसार पाहिलं जातं. म्हणजे शेजारचं सहा महिन्यांचं बाळ बसू लागलं आणि आपलं नाही, एवढ्यावरून घाबरायला नको.

लसीचं गणित वेगळं आहे. लसी सर्वसाधारणपणे क्रोनॉलॉजिकल वयानुसारच दिल्या जातात. 'बाळ अजून नाजूक आहे, थोडं मोठं होऊ दे' असं म्हणत घरोघरी तारीख पुढे ढकलली जाते. प्रत्यक्षात अशा बाळांनाच संसर्गाचा धोका जास्त असतो. जन्मावेळी वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर हिपॅटायटिस बी लसीच्या डोसबाबत वेगळा विचार केला जातो; तो निर्णय डॉक्टरांचा. बाकी लसीच्या कार्डावर 'सहा आठवडे' लिहिलं असेल, तर ते जन्मतारखेपासूनच मोजायचे.