राजीची गोष्ट सांगणारे सूर आणि सावल्या

कल्पनारम्य साहसी व्हिडिओ गेममध्ये गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. कधी खेळाडूची बोटे बटणांवर असतात आणि तो स्वतः चालतो, लढतो, दारे उघडतो. कधी बटणे निकामी होतात आणि पडद्यावर चित्रपटासारखा प्रसंग घडतो. या प्रसंगाला कटसीन म्हणतात. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये काही टप्पे पार केल्यावर दिसणारे छोटे गमतीदार प्रसंग हे त्याचे सुरुवातीचे रूप. संगीत मात्र दोन्ही वेळा चालू राहू शकते, म्हणून या दोहोंमधला सांधा तेच जुळवते.

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. वारकरी कीर्तनात बुवा दृष्टांत सांगू लागले की टाळ-पखवाज शांत होतो आणि श्रोता नुसता ऐकतो. दृष्टांत संपला की टाळकरी अभंगाचा चरण उचलतात आणि श्रोत्याचे हात टाळी धरतात. नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीतला भाव त्या चालीतून पुढे जातो.

‘फायनल फँटसी ७’ या १९९७ च्या जपानी गेममध्ये हेच विलक्षण ताकदीने घडते. एरिथ ही नायकाची सोबतीण कटसीनमध्ये मारली जाते आणि नोबुओ उएमात्सू यांनी तिच्यासाठी बांधलेली हळवी धून सुरू होते. लगेच लढाई जुंपते. एरवी अशा वेळी आवेशाचे संगीत वाजते. इथे तीच धून चालू राहते. खेळाडू वार करत असतो आणि कानांवर शोक असतो. नुसत्या पाहण्याने इतके दुःख पोचले नसते.

संगीताला खेळाडूच्या चालीबरोबर वळावे लागते, ही मोठी तांत्रिक अडचण. चित्रपटात प्रसंगाची लांबी ठरलेली असते, गेममध्ये कोणी एका दालनात मिनिटभर थांबेल, कोणी तासभर. ‘मंकी आयलंड २’साठी १९९१ मध्ये वापरलेल्या आयम्यूज या प्रणालीने प्रसंग बदलताच एक धून दुसरीत सहज मिसळण्याची सोय केली. शत्रू जवळ येताच तालवाद्यांचा थर वाढवणे, तो हरताच काढून घेणे, ही पद्धतही आता रुळली आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’मध्ये संगीत आणि कटसीन ही दोन्ही साधने भारतीय मातीतून घडली आहेत. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेल्या राजीची ही कथा. लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने तिच्यासाठी भारतीय वाद्ये योजली. कटसीन छाया-बाहुल्यांच्या शैलीत आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी रामकथा सांगतात. ती पाहिलेल्याला ही भाषा लगेच कळते. बाहुलीच्या चेहऱ्यावरचे भाव बदलत नाहीत, त्यामुळे भीती आणि माया आवाजाला आणि वाद्यांना पोचवावी लागते. मोजक्या साधनांत काम करणाऱ्या छोट्या चमूने केलेली ही निवड फार समंजस आहे.

लांबलचक कटसीनने खेळणाऱ्याचा धीर सुटतो. ‘राजी’त दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद खेळ चालू असतानाच कानांवर पडत राहतो. वाटेतल्या भित्तिचित्रांपाशी राजीला थांबवले की त्यांतल्या पुराणकथा ऐकू येतात. थांबायचे की पुढे जायचे, हे तिथे खेळणारा ठरवतो.