पित्त अंगावर, भार मनावर

अंगावर पित्त उठणें ही आपल्या घरांत इतकी परिचित गोष्ट आहे कीं, तिच्याकडे आजार म्हणून फारसें कोणी पाहात नाहीं. आमसुलाचें पाणी अंगाला चोळावें, पांघरूण घ्यावें आणि सकाळची वाट पाहावी, हा कोंकणांतील सर्वमान्य उपचार. क्वचित् उठणाऱ्या पित्ताला तो पुरतोहि. परंतु ह्या गांधी जवळजवळ रोज उठूं लागल्या आणि सहा आठवडे उलटले तरी थांबेनात, म्हणजे विकार जुनाट झाला असें वैद्यकशास्त्र मानतें. अशा वेळीं रोग्याच्या त्वचेइतकीच त्याच्या मनाचीहि विचारपूस कां करावी, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम नांवामुळें होणारा घोटाळा दूर करूं. पोटांत आम्ल वाढलें म्हणून हें पित्त उठतें असें नाहीं. आपल्या त्वचेंत मास्ट नांवाच्या पेशी असतात. त्या चेतल्या म्हणजे त्यांतून हिस्टामिन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें. सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरूं लागतात, त्वचा फुगते आणि कंड सुटते. पुष्कळ रोग्यांत शरीराची स्वसंरक्षणाची व्यवस्थाच चुकून ह्या पेशींना चेतवीत असते. अन्न हें जुनाट पित्ताचें कारण क्वचितच असतें. तथापि वांगें, दहीं, दाणे असे एकेक पदार्थ ताटांतून नाहींसे होतात, आणि कंड मात्र होती तेथेंच राहते.

मनाचा संबंध येतो तो असा. मास्ट पेशी मज्जातंतूंच्या टोकांच्या शेजारींच असतात. चिंता वा धास्ती वाढली असतां त्या टोकांतून निघणारीं द्रव्यें ह्या पेशींना डिवचूं शकतात. केवळ चिंतेनें विकार जडतो असें नव्हे; जडलेला विकार ती भडकविते. उलटपक्षीं, कंडीनें रात्रीची झोप मोडते, दिवसा कामांत चित्त लागत नाहीं, चारचौघांत जावयाची लाज वाटते. अनेक पाहण्या एकत्र करून पाहतां अशा रोग्यांपैकीं सुमारें तिघांतील एकाला चिंता, खिन्नता किंवा तत्सम मानसिक त्रास आढळला आहे. कंड झोप घेते, झोप गेली कीं मन खचतें, आणि खचलेलें मन पुन्हां कंड वाढवितें.

महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांत ह्या चक्राला आणखी दोन गोष्टींनीं गति मिळूं शकते. पहिली भीति. २२ जुलै २०२१ रोजीं, आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनीं, तळिये गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व सुतारवाडी येथेंहि दरडी कोसळल्या. सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें. पावसाचा जोर वाढला कीं ज्यांचा डोळा लागत नाहीं, अशीं माणसें ह्या भागांत असल्यास नवल नाहीं. त्यांच्यापैकीं कोणास हा विकार असेल, तर त्याच्या रात्रींचा विचार केल्यावांचून नुसत्या गोळ्यांची चौकशी पुरी पडावयाची नाहीं.

दुसरी गोष्ट अंतराची. एका ठिकाणीं उठलेली गांध बहुधा चोवीस तासांच्या आंत मागमूस न ठेवतां मावळते. डोंगरावरील वाडींतून पायवाट उतरून, एस. टी. गांठून, महाडच्या दवाखान्यांत पाळी येईपर्यंत अंग निर्मळ झालेलें असतें. दाखवावयास कांहीं उरत नाहीं. मग घरीं परतल्यावर ‘मनाचे खेळ आहेत’ असें ऐकावें लागतें. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत सुमारें दुप्पट आढळतो. त्यामुळें हे शब्द बहुधा घरांतील सुनेच्या अगर मुलीच्याच वांट्याला येतात. कंड सोसवते, आपला कोणी विश्वास धरीत नाहीं हें सोसवत नाहीं.

ह्यावर उपाय सोपा आहे. गांधी उठतांच मोबाइलवर त्यांचें छायाचित्र घ्यावें. वेळ, झोप, घेतलेलीं औषधें आणि त्या दिवसाची मनःस्थिति वहींत टिपावी. नोंदीचें मोल महाडला नवें नाहीं. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं ह्याच परिसरांत विंचूदंशाच्या रोग्यांचा घाम, उलटी, थंड पडणारे हातपाय बारकाईनें टिपले, आणि त्यांतूनच प्राझोसिनचा उपचार पुढें आला.

औषधांविषयीं थोडें. फारशी गुंगी न आणणारीं नवीं हिस्टामिनविरोधी औषधें गांध उठल्यावरच नव्हे, तर नित्य घ्यावयाचीं असतात. मात्रा वाढविणें हें डॉक्टरांचें काम. त्यांना न जुमानणाऱ्या विकारासाठीं ओमॅलिझुमॅब हें इंजेक्शन आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनानें चालू ठेवूं नयेत. कांहीं वेदनाशामक गोळ्यांनींहि पित्त भडकतें. जीभ सुजली किंवा श्वास कोंडला, तर आमसूल शोधीत न बसतां तडक रुग्णालय गांठावें. मन फारच खचलें असल्यास १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा विनामूल्य मिळते; ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे.

बहुतेकांचा हा विकार कांहीं वर्षांत आपोआप शमतो. तीं वर्षें कशीं जावयाचीं, हें मात्र पुष्कळसें घरच्यांच्या हातीं आहे. रात्रीं कोणी अंग खाजवीत उठून बसलेलें दिसलें, तर ‘आज काय खाल्लेंस?’ ह्या प्रश्नाबरोबरच ‘झोप लागते का?’ हेंहि विचारावें. आणि जें उत्तर मिळेल तें खरें मानावें.