अडगळीतील संगणकांचे मोल

हिशोबनिसाच्या लेखी यंत्राचे आयुष्य सरळ असते. खरेदीच्या दिवसापासून घसारा सुरू होतो, ठराविक वर्षांनी वहीतील किंमत शून्यावर येते आणि यंत्र भंगारात निघते. परंतु ब्रिटनमध्ये एका विशिष्ट प्रकारच्या भंगाराने हा नियम मोडला आहे. सिंक्लेअर कंपनीचा झेड-एक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला, १९९२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २०२४ साली त्याचीच प्रतिकृती पुन्हा दुकानांत मांडली गेली. आतील चिप आजची. बाहेर मात्र त्याच रबरी कळा. मूळ यंत्राला रबरी कळा बसवल्या होत्या त्या शोभेसाठी नव्हे, तर चांगला कळफलक महाग पडला असता म्हणून. कोणाही टंकलेखकाला वैताग यावा अशा त्या कळा होत्या. काटकसरीपोटी पत्करलेला दोष चाळीस वर्षांनी गिऱ्हाइकाने हौसेने विकत घ्यावा, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

याला दुर्मिळतेचे सोपे उत्तर देता येईल. ॲपलचा पहिला संगणक १९७६ साली ६६६ डॉलर ६६ सेंटला मिळत असे. अशी सुमारे दोनशेच यंत्रे बनली आणि त्यांपैकी एक २०१४ च्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेले. जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे यांच्या बाजारासारखाच तो बाजार होय. स्पेक्ट्रमला मात्र हे उत्तर लागू पडत नाही. तो सुमारे पन्नास लाखांच्या संख्येने खपला. जी वस्तू एके काळी घरोघरी होती, तिची ओढ दुर्मिळतेतून निर्माण होत नाही. तिचे मूळ त्या वस्तूच्या मूळ किमतीत आणि वापरात शोधावे लागते.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांची रीत अशी, की किंमत आधी ठरवावयाची आणि यंत्र तीत बसवावयाचे. १९८० चा झेड-एक्स ८० हा संगणक शंभर पौंडांच्या आत, ९९ पौंड ९५ पेन्सला मिळू लागला. पुढच्या वर्षीचा झेड-एक्स ८१ हा ६९ पौंड ९५ पेन्सला, आणि सुटे भाग घरी जोडून घेण्याची तयारी असेल तर ४९ पौंड ९५ पेन्सला. त्यानंतरच्या स्पेक्ट्रमची किंमत लहान नमुन्यासाठी १२५ पौंड आणि मोठ्यासाठी १७५ पौंड होती. एवढ्यात पडदा मिळत नसे की माहिती साठवण्याचे साधन. पडदा म्हणून घरातील दूरचित्रवाणी संच वापरायचा आणि साठवणीला गाण्यांचा टेपरेकॉर्डर. म्हणजे भांडवलाचा बराचसा भाग कुटुंबाने अगोदरच गुंतवलेला होता. कंपनीने त्यावर फक्त मेंदू बसवून दिला. मोठ्या नमुन्याची स्मृती ४८ किलोबाइटची. आजच्या पद्धतीने देवनागरी अक्षरे साठवली, तर प्रस्तुत लेखासारखे दोन लेख तीत कसेबसे मावतील.

टेप लावली की कर्कश शीळ सुरू होई आणि चारपाच मिनिटे पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे थरथरत राहत. आवाजाची कळ किंचित इकडेतिकडे झाली तरी सारे श्रम वाया जात आणि टेप गुंडाळून पुन्हा आरंभ करावा लागे. मासिके आज्ञावल्या छापत आणि मुले त्या ओळीन् ओळ उतरवून घेत. एखादा स्वल्पविराम चुकला की यंत्र हटून बसे. नेदरलँड्समध्ये तर रेडिओवरून अशा आज्ञावल्यांचे ध्वनी प्रक्षेपित होत आणि श्रोते त्या टेप करून घेत. चुकलेला स्वल्पविराम शोधण्यात गेलेली ही संध्याकाळ आज त्या पिढीला सोन्याची वाटते. तिच्यात सुखाचा भाग किती आणि पुढे सुखाचा लावलेला मुलामा किती, हे सांगणे अवघड आहे. पण शिक्षण झाले हे खरे.

डंडीच्या कामगार स्त्रिया

आठवणींच्या या बाजारात एक बाजू क्वचितच येते. स्पेक्ट्रम तयार होत असे स्कॉटलंडमधील डंडी शहरात, टायमेक्स या घड्याळ कंपनीच्या कारखान्यात. तेथील कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. घड्याळांच्या बारीक जोडणीला सरावलेल्या त्यांच्या बोटांनी लक्षावधी संगणक जुळवले. सिंक्लेअर यांचा संगणकाचा धंदा १९८६ साली ॲमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला, उत्पादन दुसरीकडे गेले आणि डंडीच्या हातचे काम सुटले. १९९३ मध्ये कामकपात आणि वेतन यांवरून टायमेक्समध्ये कडवट संप झाला; संपकऱ्यांना कामावरून काढले गेले आणि त्याच वर्षी कारखान्याला कायमचे टाळे लागले.

आता याच शहराची दुसरी गोष्ट पाहा. ज्या गावात हे यंत्र बनत होते, त्या गावच्या मुलांच्या हाती ते सहज पडले. १९८७ साली डंडीतील काही तरुणांनी डी-एम-ए डिझाइन ही कंपनी काढली. १९९१ चा 'लेमिंग्ज' आणि १९९७ चा 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हे जगभर गाजलेले संगणकी खेळ या कंपनीचे आहेत, आणि आजही डंडी या उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. मुलांना व्यवसाय मिळाला, आयांचा रोजगार गेला. अर्थशास्त्रात याला संरचनात्मक बदल असे सौम्य नाव आहे. स्मरणरंजनाची पुस्तके आणि प्रदर्शने मुलांच्या वाट्याची गोष्ट सांगतात. जोडणी करणाऱ्या बायांसाठी त्यांत फारशी जागा नसते.

मुलींच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. नंतर ते उतरत जाऊन २०१० च्या सुमारास वीस टक्क्यांखाली आले. घरगुती संगणकाची जाहिरात मुलग्यांचे खेळणे म्हणून झाली, तो मुलाच्या खोलीत मांडला गेला आणि महाविद्यालयात प्रवेश घेताना मुलगा चार पावले पुढे असे, हे यामागील एक कारण अभ्यासक देतात. घसरणीचे ते एकमेव कारण नसेल. तथापि, कोणाच्या बालपणाचे गोडवे गायिले जात आहेत, हा प्रश्न त्यामुळे निश्चितच उभा राहतो.

सरकारी हात

सिंक्लेअर यांच्या यशाचे श्रेय खाजगी कल्पकतेला द्यावेच लागेल. पण त्या दशकातील दुसरा मोठा संगणक सार्वजनिक निर्णयातून जन्मला, हे विसरता येत नाही. बीबीसीने संगणकसाक्षरतेची मोहीम आखली, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' बनवून घेतला आणि १९८२ च्या जानेवारीपासून दूरचित्रवाणीवर धडे सुरू केले. शाळांनी संगणक घ्यावा म्हणून निम्मा खर्च सरकारने उचलला. यंत्र मजबूत होते. विद्यार्थ्यांच्या दणक्यांना पुरून उरे. मोठा नमुना ३९९ पौंडांचा, म्हणजे सामान्य घराला जड. परंतु शाळेत तो सर्वांचा होता.

याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली 'आर्म' चिप १९८५ साली तयार झाली. तिची वंशावळ आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये नांदते आहे. कंपनी टिकली नाही, बीज टिकले. २०१२ साली निघालेला 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त संगणक हे आणखी एक फळ होय. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि पूर्वतयारी दोन्ही घटत आहेत, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. जुना संगणक चालू करताच रिकामी ओळ दाखवून मालकाच्या आज्ञेची वाट पाही. नवे यंत्र त्याच्यापुढे तयार मालाचे दुकान मांडते. मालकाला पुन्हा आज्ञा देता यावी म्हणून त्यांनी अवघ्या २५ आणि ३५ डॉलरचे यंत्र केले आणि त्याच्या नमुन्यांना बीबीसी मायक्रोप्रमाणेच 'ए' आणि 'बी' अशी नावे दिली. स्मरणरंजन फावल्या वेळचा चाळा न राहता उत्पादक कसे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

भारतातही हीच यंत्रे आली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' या नावाने शालेय संगणकसाक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी बीबीसी मायक्रोचीच निवड झाली आणि आरंभी २५० शाळा घेतल्या गेल्या. देशाच्या आकारमानात ही संख्या म्हणजे दर्यात खसखस. स्पेक्ट्रमही १९८६ पासून परवान्याखाली येथे मिळू लागला. परंतु मराठी मध्यमवर्गातील बहुतेकांची संगणकाशी पहिली ओळख स्वयंपाकघराच्या टेबलावर झाली नाही. ती झाली कार्यालयात, आणि तीही संशयाच्या वातावरणात. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, पाठोपाठ १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक हा शब्द इतका अप्रिय होता, की बँकेतील यंत्राला 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे लांबलचक नाव धारण करून यावे लागले. ज्या कारकुनाला यंत्राने आपली जागा जाईल असे वाटत होते, त्याच्याकडून पुढे त्या यंत्राच्या प्रेमळ आठवणींची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ब्रिटिश मुलाकडे ते वाढदिवसाची भेट म्हणून आले. यंत्र कोणत्या अटींवर घरात वा कचेरीत शिरते, त्यावर त्याची आठवण ठरते.

एवढे असूनही जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींचे एक ऋण मान्य केलेच पाहिजे. टेपवरील चुंबकीय लेप झडतो, यंत्रातील कपॅसिटर फुटतात आणि वाचणारे साधन गेले की मजकूरही मुका होतो. ॲमस्ट्रॅडने १९९९ साली स्पेक्ट्रमची अंगभूत आज्ञावली जतनासाठी वापरू दिली, ही उदारता अपवादात्मकच म्हणावी लागेल. एरवी मालकी हक्क कोणाकडे हेच ठाऊक नसलेल्या असंख्य आज्ञावल्या कायद्याच्या कडेकडेने, खाजगी श्रमावर जगल्या आहेत.

संस्थांचा अनुभव काय आहे? इंग्लंडचा विजेता राजा विल्यम याने १०८६ साली जमीनजुमल्याची मोजदाद करविली; तो 'डूम्सडे बुक' हा ग्रंथ लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतो. नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने तसाच नवा प्रकल्प केला. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलांनी, आपापल्या गावची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. ती लेझर तबकड्यांवर भरण्यात आली. तबकडी वाचणारे यंत्र इतके महाग, की ज्या शाळांनी माहिती जमवली त्यांतील बहुतेकांना ते घेता आले नाही. सोळा वर्षांत ते यंत्रच दुर्मिळ झाले आणि २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना जुन्या संगणकाचे सोंग नव्या संगणकाकडून वठवून घेऊन तो मजकूर सोडवावा लागला. २०११ साली बीबीसीने मुलांनी पाठवलेली ती गावोगावची माहिती महाजालावर खुली केली. पुढे ते संकेतस्थळही बंद झाले आणि त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन करण्यात आली.