शेतातलं मीठ धुतलं, पण ते गेलं कुठे?

१९५३ च्या फेब्रुवारीत वादळाने बांध फुटले आणि उत्तर समुद्र नेदरलँड्समध्ये शिरला. १,८३६ माणसं दगावली. पाणी उपसलं, बांध बुजवले, तरी शेतात मीठ उरलंच.

पावसाने मीठ धुऊन जात नाही का?

जातं, पण सगळं नाही. खाऱ्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतं. पावसाने सुटं मीठ उतरलं की हे कण फुगतात, विखुरतात आणि मातीतली छिद्रं बुजतात. मग पाणी मुरत नाही, आणि पाणी मुरलं नाही तर मीठ खाली जाणार कसं?

म्हणून तिथे शेतात जिप्सम टाकलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, माती पुन्हा भुसभुशीत होते आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर चरात उतरतं.

पुढे काय?

मीठ नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतं. चरातलं पाणी समुद्रात सोडलं तर ठीक. तेच गोड्या तलावात गेलं तर शेत वाचतं आणि पिण्याचं पाणी बिघडतं.

हिशोब बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते २५० पर्यंत असावं. म्हणजे क्लोराइड नसलेल्या ७५ बादल्यांत समुद्राची एकच बादली ओतली, तरी मर्यादा गाठली!

नेदरलँड्समध्येच १९३२ साली ३२ किलोमीटरचा बांध घालून एक उपसागर तोडला. आयसेल नदीच्या पाण्याने तो काही वर्षांत गोडा झाला. आज त्यातून पिण्याचं पाणी घेतात. २०१८ च्या दुष्काळात नदीचं पाणी घटलं, बांधाच्या दारांतून समुद्राचं पाणी आत येत राहिलं आणि तलावातला खारटपणा वाढला. मीठ रेटायला गोडं पाणी सतत लागतं.

आपल्याकडे?

रायगडच्या खारभूमीत हेच काम बांध आणि उघाडी करतात. ओहोटीला उघाडीची झडप उघडते, शेतातलं खारट पाणी खाडीत जातं. भरतीला ती मिटते. पावसाळ्यात मीठ धुतलं जातं, भात पिकतो. उन्हाळ्यात ओल वर चढते, सुकते आणि मीठ पुन्हा वर येतं.

म्हणूनच बांधाला खांड पडली तर ती लगेच बुजवावी लागते. उशीर झाला तर शेताबरोबर गावचं तळं आणि विहीरही खारी होऊ शकते.